एक तळघर, दोन पक्ष

काही माणसांबरोबर नुसतं गाडीत बसलं तरी एक किस्सा पदरात पडतो. माझ्याकडे योझेफकाकांचे किस्से दह्याच्या रिकाम्या डब्यांसारखे साठलेत, टाकवत नाहीत!

योझेफकाका म्हणजे इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेतले आमचे शेजारी, मूळचे स्लोव्हाकियाचे. कम्युनिस्टांच्या काळात चोरून प्रार्थना करणाऱ्यांनी राजवट पडल्यावर तिकडे एक ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष काढला. काका त्याचे इथले कट्टर कार्यकर्ते! डोळ्यांमुळे त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं आणि दर महिन्याच्या मीटिंगला त्यांना चर्चच्या तळघरात सोडायचं काम माझ्याकडे आलं. सोडून घरी जा, परत न्यायला या, कोण करतंय! मीही तिथेच बसायला लागले.

*

पहिल्याच मीटिंगला उमेदवारांचा विषय निघाला आणि काकांचा बालमित्र पावोल यानं उठून सिंकचा नळ फुल सोडला. मी पुण्यातली, दिवसाआड पाण्यावर वाढलेली. तडक गेले आणि बंद केला. सगळे माझ्याकडे वळले!

"अगं, सवय आहे," काका म्हणाले. "तिकडे भिंतीत माइक असायचे. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू जायचं नाही."

"इथे कोण ऐकतंय तुमचं? तुमच्या बायकासुद्धा ऐकत नाहीत!"

सगळ्यात मोठ्यानं हसली ती पावोलची बायको मारिया. पुढच्या मीटिंगलाही नळ सुटला, पण खाली माझी बादली होती.

*

ईस्टरच्या आधी त्यांचे उपास असतात, मांस बंद. मी आमच्याकडचा उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी नेली. काका परत परत वाढून घेत होते.

"तूप, बटाटा, दाणे... आणि याला तुम्ही उपास म्हणता?"

"हो."

काका उभेच राहिले. "मी ठराव मांडतो. हे आपल्या जाहीरनाम्यात घ्या, यंदा निवडून येऊ!"

पावोलनं तोंडात घास असतानाच अनुमोदन दिलं.

*

मग तिकडे पक्ष फुटला. पावोल नव्या पक्षात गेला. फादर काही दुसरी खोली देईनात, त्यामुळे टेबल तेच, एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला पावोल. बोलणं बंद. मध्ये मी!

"त्याला म्हणावं, साखर इकडे दे," काका मला सांगायचे.

"त्याला म्हणावं, डॉक्टरांनी साखर बंद केलीय त्याची!" पावोल मलाच सांगायचा.

गाडीत मी म्हटलं, "काका, मी महाराष्ट्रातली. पक्षफुटीत आमची पीएचडी झालीय!" नेहमी हसणारे काका हसले नाहीत.

"शर्टाखाली लपवून आम्ही दोघांनी प्रार्थनेची पुस्तकं घरोघर पोचवलीत. सापडलो असतो तर दोघंही आत गेलो असतो. निवडणूक गेली खड्ड्यात. तो परत यायला हवा, बास."

मला फार वाईट वाटलं. घर येईपर्यंत मी रेडिओसुद्धा लावला नाही.

*

पुढे माणसं कमी होत गेली आणि मीटिंगा बंद पडल्या. आता त्या तळघरात योगाचा क्लास चालतो. मी जाते कधीकधी, पण मन लागत नाही. त्यांची ती कडू कॉफी आणि आरडाओरडा, सगळ्याची फार आठवण येते यार.

*

तिकडच्या गेल्या निवडणुकीला पावोल अंथरुणाला खिळला होता. इथल्या स्लोव्हाक लोकांचं मत पोस्टानं जातं. प्रत्येक पक्षाची वेगळी चिठ्ठी येते, हवी ती पाकिटात घालायची. पावोलचे हात थरथरायचे, म्हणून मारियानं कुणाला फोन करावा? काकांना! मी गाडी काढली.

काकांनी न विचारता पावोलच्या पक्षाची चिठ्ठी उचलली. पावोलनं मान हलवली आणि काकांच्या पक्षाच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. काका भडकले. स्लोव्हाकमध्ये अशी जुंपली की विचारू नका!

"काय झालं?" मी मारियाला विचारलं.

"पावोल म्हणतोय, मत योझेफच्या पक्षाला. आणि योझेफ म्हणतोय, मला दयेचं मत नको, तुझ्याच पक्षाला घालणार!"

बराच वेळ भांडून दोघांनाही धाप लागली. मग काकांनी दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या, नीट घडी केली आणि एकाच पाकिटात सारल्या.

"अरे, असं केलं तर मत बाद होतं!" मारिया ओरडली.

"माहीत आहे मला," काका म्हणाले आणि जीभ फिरवून त्यांनी पाकीट चिकटवून टाकलं.