न ऐकलेल्याला डिट्टो

तुम्ही शेवटचं 'डिट्टो' कधी म्हणालात, आणि तुमच्या आधीचा माणूस काय बोलला होता ते तुम्ही खरंच ऐकलं होतं का?

आमच्या घरात हा शब्द मिठासारखा लागायचा. माझं नाक डिट्टो आत्याचं. हॉटेलात अण्णांनी कॉफी मागवली की आई म्हणायची, डिट्टो. अण्णा म्हणजे माझे वडील. चेन्नईलगतच्या आवडी गावाजवळ एका खासगी कारखान्यात ते कारकून होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कायम कामगार कमी होत होते, कंत्राटी वाढत होते. मामा माझ्या लहानपणापासून कामगार संघटनेची पत्रकं आणून टाकायचा, त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मला ठळक अक्षरांत ठाऊक असायचं.

झाडलोट करणाऱ्या एका कंत्राटी बाईची बोटं पत्रा दाबायच्या यंत्रात चिरडली. यंत्रावरची संरक्षक जाळी बरेच दिवस काढूनच ठेवलेली होती. अण्णांची खुर्ची काचेपलीकडे, बरोबर समोर. पण वरून ठरलं: जाळी बाईनेच काढली. चौकशी लागली. ती दोषी ठरली तर तिचं काम जाणार, आणि उपचारही तिचे तिनेच बघायचे. अण्णा साक्षीदारांत शेवटचे.

आदल्या संध्याकाळी एक सहकारी दारातूनच समजावून गेला, "सार, पहिला काय ते सांगेल. आपण सुम्मा डिट्टो म्हणायचं." सुम्मा, म्हणजे उगाच आपलं.

"अण्णा, तुम्ही नाही ना म्हणणार?"

"तूं पत्रक वाचून दाखवूं नको."

"गप्प बसणं म्हणजे बाजू घेणंच असतं!"

"होय की. तुझ्या पत्रकाखालीं लिहिणाऱ्याचं नांव असतें का? तिथें माझी सही लागेल."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझी कॉलेजची फी डिट्टोनें भरतां येते, मा. पत्रकानें नाहीं."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही. आई शेंगा निवडत होती आणि निवडलेल्या पुन्हा निवडत होती. तिला नोकरीची भीती, मला त्या शब्दाची. मी शब्दकोश काढला. डिट्टो: वरीलप्रमाणे, पूर्वी सांगितलेलं तेच. म्हणजे वर काहीतरी असावं लागतं, आणि ते तुम्हाला माहीत असावं लागतं. हे मी आईला सांगितलं. तिने शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

अण्णा आले. चप्पल न काढताच खुर्चीत बसले. मग आमच्या तंजावरी मराठीत सुरू झाले.

"बाहेर बाकावर आम्हीं सगळे. एकेक आंत जात होता, लगेच बाहेर येत होता. माझी पाळी आली. साहेब मान वर न करतां म्हणाले, 'डिट्टो?' शब्द तोंडांत आला होता गं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी विचारलों, कशाला डिट्टो? पहिला काय बोलला? ते म्हणाले, बाकीच्यांनी नाहीं विचारलं. मी सांगितलों, सार, बाकीचे माझ्या शेजारीं बाहेर बसले होते. त्यांनी ऐकलं कधीं?"

"मग?"

"मग वाचून दाखवले. बाईनें जाळी काढली, मी पाहिलें, असें. त्याच्याखालीं माझी सही कशी बसेल? मला दिसलें तें सांगितलों."

"झालं," आई म्हणाली. "आतां खुर्ची जाईल."

"जाणार नाहीं. हलवतील."

"अय्यो, तें काय वेगळं!"

त्यांच्यापुढची कॉफी थंड होऊन तिच्यावर साय धरली. घोषणा द्यायची सोडून मी ती गरम करायला नेली.

खुर्ची गोदामात हलली. बाकीच्यांना पुन्हा बोलवावं लागलं. एकाने जबाब बदलला, इतरांनी नाही. दारावर कुणी थाप मारली की आई तेव्हापासून दचकायची. निकाल लांबतच राहिला. ती बाई बोटांना फडकं गुंडाळून कारखान्याच्या फाटकाशी यायची, विचारायची आणि परत जायची.

तुम्हाला कुणी असं बाकावर बसवलं, तर आत गेल्यावर एवढं करा. तुमच्या वरचा जबाब मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तो संपेपर्यंत तोंड उघडू नका, सही करू नका. मग तुम्हाला काय दिसलं ते तुमच्या शब्दांत सांगा.