माझ्या मापाचे पट्टे

आमच्याकडे मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत. झबलं नाही, दुपटं नाही, साधा खुळखुळाही नाही. मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी घरी आली, तेव्हा तिच्या आईने कपाटातल्या जुन्या सुती साड्या तेवढ्या काढून धुतल्या. जुनं चालतं. वाचायला मात्र कुणाची मनाई नव्हती, म्हणून मी वाचत बसलो.

सुरुवात मुलीनेच करून दिली. संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून ती मोबाइलवर बेबी कॅरिअर बघायची. कमरेला रुंद पट्टा, खांद्यांवर गादीचे दोन पट्टे, पाठीवर बकल आणि छातीशी बसलेलं मूल.

"बाबा, ह्यां बघा. हात मोकळे ऱ्हवतत. मी पोराक घेऊन बंदरावर जातलंय, होड्यो दाखवतलंय."

"आदी सुटका होवंदे गो बाय," तिची आई आतून म्हणाली. "मगे मिरव."

मुलीला त्यातलं एक आवडलं होतं. साधं, निळ्या सुती कापडाचं, फारसा डामडौल नसलेलं. मी म्हटलं, थांब, मी जरा बघतो. वेंगुर्ल्याच्या बाहेर माझी काजू-आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे. साधी पाण्याची नळी घ्यायची तरी मी चार दुकानं फिरतो. इथे तर माझ्या नातवंडाचा प्रश्न होता.

बऱ्याच गोष्टी कळल्या. बैठक एवढी रुंद हवी की बाळाच्या मांड्यांना एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत आधार मिळेल. गुडघे ढुंगणापेक्षा वर राहायला हवेत, पाय सरळ खाली लोंबता कामा नयेत. बाळाचा चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, नाक कापडात दबता कामा नये. मान जराशी वाकवली की त्याच्या कपाळाची पापी घेता यावी, इतकं ते वर असावं. भार खांद्यांवर नको, कमरेवर हवा. मी हे सगळं मुलीला समजावून सांगायचो आणि ती हसून म्हणायची, "बाबा, परीक्षा आसा काय तुमची?"

कुडाळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून नात झाली. मुलगी अजून शुद्धीवर यायची होती आणि मी बाहेरच्या बाकावर बसून तीन कॅरिअर मागवले. एक ठेवू, दोन परत करू, असा विचार होता.

नात अजून फार लहान होती, म्हणून तिच्याऐवजी मी नर्सरीतल्या कोकोपीटची, नारळाच्या भुशाची, पिशवी बांधून खळ्यात फेऱ्या मारायचो. पहिलं कॅरिअर दिसायला सगळ्यांत देखणं, जाड गादीचं. पण आमच्या हवेत ते बांधून आंब्याच्या झाडापर्यंत जाऊन आलो तरी सदरा पिळून काढावा लागे, आणि धुतलं तर दोन दिवस वाळत नसे. दुसरं जाळीचं होतं. हलकं, सकाळी धुवावं आणि दुपारी घालावं असं. पण त्याची बैठक अरुंद होती, आणि मानेमागचं बकल एकट्याने लावताना हात मुरगळायची वेळ यायची. तिसरं मुलीने निवडलेलं निळं. मी ते निव्वळ तिच्या समाधानासाठी मागवलं होतं. त्याची बैठक बाळाच्या वाढीप्रमाणे रुंद करता येत होती, पट्टे पाठीवर फुलीसारखे जायचे, कापडातून वारा खेळत होता. तेच सगळ्यांत चांगलं निघालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र मी सांगायचो, की मी शोधून काढलं.

"ह्यां खोगीर झाला तुमका," बायको म्हणायची. "आता त्या पोत्याक दूध कोण पाजतलां ता सांगा."

मुलगी खोलीत असायची. ऑपरेशनच्या टाक्यांमुळे तिला वजन उचलायचं नव्हतंच. त्यात आमची सव्वा महिन्याची रीत. रोज तेल लावायला बाई यायची, मग गरम पाण्याची आंघोळ, शेगडीवर ओव्याची धुरी, कानाला फडकं. तिची आई सारखी सांगायची, "तू पडान ऱ्हव. काय एक उचलू नको. आमी आसंव मा." आणि ती पडून राहायची. भिंतीकडे तोंड करून. आम्हाला ते चांगलं लक्षण वाटलं. शेजारणींना बायको कौतुकाने सांगायची, हल्लीच्या पोरी ऐकत नाहीत, पण आमची कशी गुणाची, सांगितलं तसं वागते.

पाजायला बाळ दिलं की ती पाजायची. पाजून झालं की दोन्ही हात पुढे करून म्हणायची, "घ्या." गरम टोप चुलीवरून उतरवताना धरतात तसं, अंगापासून लांब धरलेलं असायचं ते मूल. मी ते रोज पाहिलं. माझ्यावर विश्वास आहे, म्हणून माझ्या हातात देते, असाच त्याचा अर्थ मी लावला.

नातीचं पुरेसं वजन भरल्यावर मी तिला निळ्या कॅरिअरमध्ये घेऊ लागलो. मुलगी आता उठून फिरली असती तरी चाललं असतं, पण रीत संपली तरी ती खोलीतच राहिली, आणि मी नातीला घेऊन नर्सरीत. समोर मूल बांधलं की कमरेत वाकता येत नाही, पाठ ताठ ठेवून उकिडवं बसावं लागतं. मी तसा बसून कलमांना पाणी घालायला शिकलो. पट्टे माझ्या रुंद पाठीच्या मापाने ओढून बसवले होते. हिरव्या जाळीखाली ती माझ्या छातीवर झोपायची, तिच्या डोक्याचा घाम माझ्या सदऱ्यात मुरायचा. इतकं सुख मला माझ्या स्वतःच्या मुलीच्या लहानपणी मिळालं नव्हतं; तेव्हा मी कामात होतो. हेही खरं आहे आणि ते लिहायला हवं.

एके सकाळी मासेवाली दारात पाटी उतरवून बसली होती. मला तशा अवतारात बघून तिने तोंडाला पदर लावला.

"काय ओ, ह्या घरात बाळंतीण कोण? तां तुमचां चेडू काय तुमी?"

"तूच ओळख," मी म्हणालो.

"पोट तर तुमचाच दिसता!"

बायको हसली, मीही मोठ्याने हसलो. खोलीची खिडकी खळ्यावरच उघडते. ती आतून बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. ऊन लागत असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलगी आपणहून बाहेर आली. केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ गाऊन. म्हणाली, "माका बांधा बघया."

मला इतका आनंद झाला की मी घाई केली. कॅरिअर माझ्या अंगावरून काढलं, तिच्या कमरेला लावलं, नातीला बसवलं आणि बकलं लावली. पट्टे माझ्या मापाचे होते. महिनाभर लोकांना पट्ट्यांबद्दल शिकवणाऱ्या मला ते आवळायचं सुचलं नाही. मूल खाली लोंबलं, बरोबर तिच्या टाक्यांवर. ते किंचाळायला लागलं. मागे रेलून, लालबुंद होऊन, मान वळवून माझ्याकडे बघत रडायला लागलं. मुलीचे हात हवेत तसेच राहिले. मूल धरायचं की बकल सोडायचं, तिला कळेना.

मी म्हणालो, "दी माका, दी."

माझ्या अंगावर आल्याबरोबर नात गप्प झाली. मुलगी पाहत होती.

"तुमच्याकडेच बरां आसा तां," ती म्हणाली आणि आत गेली.

मला तेव्हा काय वाटलं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. ते मूल माझ्याकडे गप्प होतं आणि आईकडे रडतं, याचं मला बरं वाटलं.

मग एका दुपारी मी तिच्यासाठी पेज घेऊन गेलो, तर ती पलंगावर बसून होती. पाळण्यात नात जागी होती, हातपाय हलवत होती. मुलगी तिच्याकडे बघत होती, बसस्टॉपवर शेजारी बसलेल्या परक्याच्या सामानाकडे बघावं तशी.

"बाबा, ह्यां चेडू माझां वाटणा नाय माका."

"असा बोलू नये गो बाय," मी म्हणालो. "थकलंस तू. पेज खा."

तिने पेज खाल्ली. मी भांडं घेऊन बाहेर आलो आणि खळ्यातल्या पायरीवर बसलो. तिने मला सांगितलं होतं आणि मी तिला पेज खायला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सावंतवाडीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई वयाने मुलीएवढ्याच होत्या. आधी त्या तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलल्या, मग आम्हाला आत बोलावलं. बाळंतपणानंतर असा आजार होतो, त्याला औषध आहे, तो बरा होतो, असं त्यांनी सांगितलं.

"किती दिवसांपासून अशी गप्प आहे?"

"ती विश्रांती घेत होती," बायको म्हणाली. "आम्ही काही करू दिलं नाही तिला."

"आणि बाळ कुणाकडे असतं?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. सवयीने छाती पुढे काढून म्हणालो. मग माझं मलाच ते ऐकू आलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं, गोळ्या चालू करू, आणि बाळाला थोडा थोडा वेळ आईजवळ राहू द्या. तुम्ही जवळ बसा, पण रडलं म्हणून लगेच उचलून घेऊ नका.

हे एवढं एकच काम माझ्याकडे होतं आणि ते मला जमलं नाही. मुलगी नातीला मांडीवर घ्यायची, नात रडायची, मी दाराशी बसून मुठी आवळायचो, आणि मग उठायचोच. कधी बायको हात धरून बसवायची. "बसा ओ. मरणा नाय रडान." पण ती मासे साफ करायला मागीलदारी गेली की मी नातीला उचललेलं असायचं. मुलगी विरोध करत नव्हती. तिने विरोध करायला हवा होता, असं म्हणणंही आता लबाडीचं आहे.

पाचव्या महिन्यात लेकीला सासरी पाठवायची रीत. जावई आणि विहीणबाई खारेपाटणहून गाडी घेऊन आले. जावयांना आजाराचं माहीत होतं. ते दर रविवारी येत होते, गोळ्या विचारत होते. विहीणबाई चांगल्या मनाच्या. जेवण झाल्यावर त्याच म्हणाल्या, "मी काय म्हणतंय, सुनेक आमी नेतंव, तिका बरा वाटांदे. चेडवाक हयच ऱ्हवांदे थोडे महिने. आजोबांचा लळा आसा तेका."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नात तेव्हा माझ्या छातीवर, निळ्या कॅरिअरमध्ये झोपलेली होती. मला नको म्हणायचं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला पाठ होतं. पण आतून मला हो म्हणायचं होतं. मी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"नको," मुलगी म्हणाली. ती खाली फरशीकडे बघत होती. "मी नेतंय तेका."

"जमात गो तुका?" तिच्या आईने विचारलं.

"नाय जमला तरी."

मग मी लगबगीने उठलो. माझ्याकडून काहीतरी व्हायला हवं होतं. म्हटलं, थांब, पट्टे तुझ्या मापाचे करून देतो, या वेळी नीट बसेल. नातीला हळूच बायकोकडे दिलं आणि कॅरिअर जमिनीवर पसरून पट्टे ओढायला लागलो. मुलीने खाली बसून माझा हात धरला.

"बाबा, ह्यां नको. ह्याका तुमचो वास येता. तां तुमका सोधीत ऱ्हवतलां."

ती टोचून बोलत नव्हती. मला समजावत होती, लहान मुलाला सांगतात तसं.

निघताना तिने नातीला नुसत्या हातांत घेतलं. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, कोपरं अवघडलेली. नात जागी झाली आणि माझा चेहरा शोधायला लागली. बायको मला हळूच म्हणाली, "तुमी हयसून जावा बघया." मी नर्सरीत गेलो, हिरव्या जाळीमागे, कलमांच्या पिशव्यांच्या रांगेत उभा राहिलो. गाडीची दारं लागली. रडणं रस्त्याने लांब लांब गेलं आणि वळणावर ऐकू येईनासं झालं. जाताना मुलीला मी पाहिलं नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा राहिला.

तासाभराने फोन वाजला. जावयांचा. कसालला पेट्रोल भरायला थांबले होते.

"मामा, अजून रडतेय हो," ते म्हणाले. फोन गाडीच्या स्पीकरवर होता, मागून नातीचा बसलेला आवाज येत होता. "कुडाळपासून आई मागतेय, मीसुद्धा मागितली. पण ही देत नाहीये कुणाकडे. घट्ट धरून बसलीय. काय करू? मामा? ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. पण मी बोललो असतो तर माझा आवाज त्या गाडीभर गेला असता, आणि नातीने मान वळवली असती. मी फोन बंद केला.