यमुनामावशीचा अंगठा

कुणी पोर रडत आलं की यमुनामावशी आधी अंगठ्याने दाबून बघायची. गुडघा असो, दाढ असो, नाहीतर बैलाचा खांदा, तिचा प्रश्न एकच, "हितं दुखतंय का?" पोर कळवळलं तर हळद-चुन्याचा लेप तयार. नाही म्हणालं तर पाठीत हलका धपाटा आणि ठरलेलं वाक्य, "दुखत न्हाई ना? मग हो बाहीर." आई लवकर गेल्यामुळे माझं लहानपण पारनेरजवळच्या त्या खेड्यात मावशीकडेच गेलं, त्यामुळे या अंगठ्याचा प्रसाद मला सगळ्यांत जास्त मिळाला. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पण आख्ख्या आळीची पोरं दुखणी घेऊन तिच्याच ओट्यावर.

दुखतं ते खरं, बाकी सगळे नखरे, असा तिचा हिशोब. दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची. तोवर लग्न होऊन मी भिंगारला आले होते. सणाला गेले की तिच्या हाताला फोड दिसायचे. त्यांना ती तेल लावायची, कारण ते दुखायचे. छातीत डाव्या बाजूला गाठ आहे, हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, म्हणजे काकांनासुद्धा नाही.

दुष्काळ सरला, त्यानंतरच्या संक्रांतीला ती एकटीच एसटीने येऊन माझ्या दारात उभी राहिली. पाणी पिऊन झाल्यावर गाठीचं सांगितलं आणि म्हणाली, "आता दुखाया लागलंय. चल दवाखान्यात." चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मलाही हायसं वाटलं, इतकी मी अडाणी.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या काखेत बोटं फिरवली, गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. हाडापर्यंत पसरला होता, कापून उपयोग नव्हता. इतके दिवस का थांबलात, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मावशी म्हणाली, "दुखत नव्हतं." त्याच वॉर्डात सोनईची एक बाई होती, शेवगावकडची एक म्हातारी होती, आणि दूध साकळलं असेल म्हणून पोराचं दूध तुटेपर्यंत थांबलेली एक तरणी बाई होती. तिघींचं उत्तर तेच. मावशी त्यांचं बोलणं ऐकत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

तिला गावी घरी आणल्यावर आयाबाया भेटायला येऊ लागल्या. जन्मभर जिच्या डोईवरचा पदर ढळला नाही, ती मावशी आता पुरुषांना बाहेर घालवून दार लावून घ्यायची, चोळी सोडायची आणि आलेल्या बाईचा हात धरून गाठीवर ठेवायची. "नीट बघ. असं हाताला लागलं तर दुखायची वाट बघू नको. दाखवून ये." काही बाया रडायच्या. एक तर तशीच उठून निघून गेली. तिची नणंद म्हणाली, हिने लाज सोडली. मावशीने ते कानाआड केलं.

मग माझी पाळी आली. मी हात मागे घेतला. तिने तो ओढून माझा अंगठा गाठीवर टेकवला. मुरमातल्या खड्यासारखं टणक काहीतरी लागलं. तिचा चेहरा पिळवटला.

"हितं दुखतंय का?" माझ्या तोंडून तिचेच शब्द निघाले.

"लई दुखतंय," ती म्हणाली. "तरी दाब. हाताच्या ध्यानात ऱ्हायला पायजे."

वैशाखात ती गेली. आता तिचा चेहरा आठवायला मला थोडं थांबावं लागतं. तो खडा मात्र अजून अंगठ्याखाली आहे.