अण्णांची विलायती फलंदाजी

गुंडाप्पा अण्णा चेंडू येण्याआधीच फटका संपवून उभे असत. बॅट डाव्या खांद्यावर गुंडाळलेली, कोपर आभाळात, छाती पुढे. अशा थाटात ते गोलंदाजाला हुकूम सोडत, "हं, टाक!"

बीदरच्या शाळेत ते कवायत शिकवीत, मी गणित. संध्याकाळी आम्हा मास्तर-कारकुनांच्या संघाला ते क्रिकेट शिकवीत. निजामाचं राज्य, अण्णांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. इंग्रजीचं अक्षर ठाऊक नाही. पण त्यांच्याकडे रुमालात बांधलेलं एक विलायती पुस्तक होतं. त्यात एका गोऱ्या फलंदाजाची ओळीनं सहा चित्रं. चेंडू एकातही नाही. पुस्तक छातीशी धरून अण्णा ती लांबूनच दाखवीत. हात लावायची कुणाची टाप नव्हती.

खांद्यावरची बॅट खाली ओढायची, पायाशी टेकवायची आणि मान खाली घालायची, ही त्यांची शिकवण. "मारल्यावर नम्र व्हायलाय बघा त्यो," अण्णा गहिवरून सांगत. "एवढा विलायतचा माणूस, पर रुबाब हाय का कुठं?"

चेंडू बॅटला लागलाच तर मागे जाई. बहुधा आपल्याच यष्ट्यांवर. राचप्पा कारकून एकदा कुरकुरला, "अण्णा, चेंडू समोर कामून जाईना?"

"तू कवा विलायतेला गेलतास?"

मग गुलबर्ग्याच्या संघाशी सामना ठरला. जिल्ह्याचे अंमलदार असलेल्या तालुकदारसाहेबांनी बजावलं, हरलात तर बॅटी जमा करायच्या, मैदान साहेबांच्या घोड्यांना. अण्णांची जेवणावरची वासनाच उडाली.

सामन्याच्या सकाळी पॅड बांधताना त्यांनी पुस्तक माझ्या हाती दिलं. चित्रांखाली बारीक आकडे होते. एक डाव्या टोकाला, सहा उजव्या. जन्मभर उर्दू वाचलेल्या अण्णांनी ओळ उजवीकडून धरली होती!

मी हळूच दाखवलं. त्यांचं बोट आकड्यांवरून कितीदा तरी फिरलं.

"दोन वर्सं उलटं शिकिवलो व्हय मी?"

"संघाला सांगू?"

"आता न्हाई. तासाभरात सरळ करायला गेलात तर धड उलटे बी राहायचे न्हाईत."

गुलबर्गेकरांनी माणसं समोर पसरली. आमचे चेंडू मोकळ्या रानात मागे पळत सुटले, धावा जमू लागल्या. "ये क्या तमाशा है, मियाँ!" त्यांचा कप्तान ओरडे. पण पुढचा तरी समोर येईलच, या आशेवर त्यानं शेवटपर्यंत एकही माणूस हलवला नाही. जिंकायला चार धावा उरल्या आणि शेवटचा गडी आला, अण्णा. मी पलीकडच्या टोकाला.

अण्णांनी बॅट पायाशी टेकवली. चित्र क्रमांक एक! मी पलीकडून ओरडलो.

"अण्णा, उलटं! उलटं खेळा!"

"गप बसा, मास्तर. कळल्यावर कसं खेळू?"

डावा पाय पुढे, कोपर वर, बॅट सरळ. इतका देखणा फटका बीदरनं पाहिला नसेल. चेंडू तेवढा आधीच निघून गेला होता, मधली यष्टी सोबत घेऊन.

बॅटी जमा झाल्या. मैदानात घोडे आले. आम्ही सुटलो, असंच वाटलं. पण आठवड्याभरात अण्णा बायकोचं कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन एकेकाच्या घरी जाऊ लागले. दहाव्या घरी, म्हणजे माझ्याकडे, ते भर दुपारी घामाघूम होऊन आले.

"अण्णा, आता सामना कुठला?"

"सामना न्हाई म्हणून माझी चूक तशीच ठिवू व्हय तुमच्या अंगात?" त्यांनी धोपाटणं माझ्या हातात कोंबलं. "धरा. कोपर वर."