तुफानकाका आणि आईचा पेपर

"वादळ आलं. कुठी जाशीन?"

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात तुफानकाका हा प्रश्न कुणालाही, कुठेही विचारत. लिफ्टमध्ये विचारत, कॅन्टीनच्या रांगेत विचारत. मुलाखतीला आलेल्या एका मुलीला त्यांनी तो दारातच विचारला. ती घाबरून म्हणाली, "घरी परत." काका म्हणाले, "रस्त्यात झाडं किती आहेत, मोजले का?"

काका म्हणजे आमचा सुरक्षा विभाग. त्या विभागात ते आणि त्यांची शिट्टी एवढेच होते. कंपनी मूळची अमेरिकेतल्या समुद्रकाठची. तिकडे चक्रीवादळांचा हंगाम जवळ आला, की कर्मचारी आणि घरच्या माणसांच्या तयारीचा फॉर्म सगळ्या शाखांना येई. नागपुरात तो वाचून सगळे हसत, काका मात्र भरत. 'समुद्रापासूनचे अंतर' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : 'समुद्र नाही. सक्करदरा तलाव, घरून पायी दहा मिनिटे.' फॉर्म मेअखेरीस येई, पण काकांचा हंगाम होळी झाली की सुरू. "साहेबाचा जून येईपर्यंत आपल्या छपराचे टिनं उडून जातात न गा!"

मी रामटेकजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. कंपनीचा कागद मी देवाच्या प्रसादासारखा दोन्ही हातांनी घ्यायचो. तरी 'घरच्यांनी कुठे जायचे' यापुढे मी 'लागू नाही' असं लिहिलं. काकांनी बोलावून घेतलं.

"काहून गा, तुह्या घरी वादळाले बंदी आहे का?"

मी हळू आवाजात सांगितलं, की घर टिनाचं आहे, बाबा नाहीत, आई एकटीच असते. ते लिहायची मला लाज वाटली होती. काकांनी हळहळ वगैरे काही केली नाही. "मंग तिचाच पेपर पहिले घ्या लागते," म्हणाले आणि माझ्यासमोरच फोन लावला.

"ताई, वादळ आलं. कुठी जासान?"

"कुठी जाऊ? दार लावून बसीन."

"नापास!"

आई उसळली, "मी शाळेत गेलीच नाही भाऊ, अन् तुमी नापास करून राहिले?"

"मंग पुन्हा बसा परीक्षेले. सोमवारी."

सोमवारी आईचं उत्तर तयार होतं. पाठीमागच्या शाळेचा स्लॅबचा वऱ्हांडा, साठ पावलं. सोबत रेशन कार्ड आणि बकरी. काकांचा नंबरही तिनं तोंडपाठ म्हणून दाखवला. तो भाग सक्तीचा होता. पुढे दर होळीनंतर हा पेपर होऊ लागला. आई मला नोकरीचं कधी विचारत नसे, "तुहा मास्तर कसा आहे?" एवढंच विचारी.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी आभाळ काळं झालं. गावाकडून वादळाची बातमी आली आणि आईचा फोन बंद. मी गाडीची किल्ली घेऊन धावलो. गेटवर काका आडवे.

"या वादळात रामटेककडे जाशीन, अन् तुले शोधाले कोण जाईल?"

मी त्यांना नको ते बोललो. तुमच्या शिट्टीनं वादळ थांबतं का, असंही म्हणालो. ते हलले नाहीत.

दोन तासांनी फोन आला तो माझ्या नाही, काकांच्या मोबाइलवर. अनोळखी नंबर होता आणि आईचा आवाज इतका मोठा, की स्पीकरची गरज नव्हती.

"भाऊ, शाळेत आहो. टिनं गेले. बकरी माह्याजवळ आहे. पास न?"

काकांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि पाठ फिरवून इतक्या जोरात नाक शिंकरलं, की शेजारच्या इमारतीचा वॉचमन शिट्टी समजून बाहेर आला.

आई नंतर म्हणाली, "घरीच बसणार होती रे. पण पुन्हा नापास झाली असती, त त्या बुवाले काय तोंड दाखवू?"

काका आता निवृत्त आहेत. मुलगा पुण्यात, काका सक्करदऱ्याला, वरच्या मजल्यावर एकटेच. आमच्या घरावर आता स्लॅब आहे, पण होळीनंतरचा सोमवार आईनं सोडलेला नाही. यंदा तिनं काकांना फोन लावला तेव्हा मी समोरच होतो.

"भाऊ, वादळ आलं. कुठी जासान?"

"गच्चीवर. कपडे वाळू घातले आहेत न, ताई."

"नापास," आई म्हणाली. "सोमवारी पुन्हा बसा."