न मिटवलेली हाळी

पुण्याच्या एका गेम स्टुडिओने तीन आगामी खेळांची घोषणा केली, तेव्हा परभणीच्या आमच्या दैनिकाच्या कार्यालयात ती चौकटीपुरतीही बातमी नव्हती. तिसऱ्या खेळामुळे ती झाली. पहिला खेळ कुस्तीचा, दुसरा खेड्यापाड्यांतून बस चालवण्याचा, तिसरा ओसाड गावातल्या भुताचा. तिसऱ्याच्या झलकीत उन्हातलं माळरान दिसतं आणि कुठून तरी एका माणसाची लांब हाळी येते. मग एकदम शांतता.

ती हाळी झरीजवळच्या एका मेंढपाळाची होती. दोन वर्षांपूर्वी स्टुडिओची माणसं आवाज गोळा करत आली होती, तेव्हा त्याने ती दिली होती. पुढच्या उन्हाळ्यात तो हृदयविकाराने गेला.

चाहत्यांच्या प्रतिक्रिया जमवण्याचं काम माझ्याकडे आलं. मानवतच्या एकाने लिहिलं होतं, बस वेळेवर आली तर खेळ खोटा समजू. कुस्तीतल्या पैलवानाचे कान मोडलेले नाहीत, अशीही तक्रार होती. हाळीबद्दल मात्र एकमत होतं. तिच्यानंतरच्या शांततेने अंगावर काटा येतो, असं जो तो लिहीत होता. झरीत अनेकांनी तीच रिंगटोन ठेवली होती.

मेंढपाळाची बायको आता कळप सांभाळत होती. तिने आधी मला फोन बंद करायला लावला, मग बोलली. ही हाळी चुकलेल्या मेंढीसाठी असते. ती ऐकली की कळप चरणं सोडून आवाजाकडे तोंड करून थांबतो. चुकलेली मेंढी आली, की मेंढपाळ जिभेने दोनदा टचकारतो. याला ती हाळी मिटवणं म्हणत होती. टचकारा झाल्याशिवाय मेंढरं मान खाली घालत नाहीत. झलकीत टचकारा नव्हता. रस्त्यावर कुणाचा फोन वाजला की कळप टचकाऱ्याची वाट बघून शेवटी तिकडे निघे. दोन मेंढ्या ट्रकखाली गेल्या होत्या. असंच चाललं तर कळप विकावा लागेल, असं ती म्हणाली. तिने स्वतः टचकारून पाहिलं होतं; मेंढरं तिच्याकडे बघतही नव्हती.

“ज्यानं दिली त्यानंच मिटवावी लागती, भाऊ. त्यांनी तशीच कशी सोडली, समजंना झालंय. परक्या माणसांत भुलले आसतील.”

मी स्टुडिओला फोन केला. ध्वनीचं काम पाहणाऱ्याने मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं. शेवटी दोन बारीक आवाज होते. खरखर समजून त्यानेच ते कापले होते. आता झलकीत ते परत घालता येणार नाहीत, चाहत्यांना ती शांतताच आवडली आहे, असं त्याने सांगितलं. पूर्ण रेकॉर्डिंग तेवढं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळावर मी ते लावलं. हाळी सुरू होताच सगळा कळप माझ्या हाताकडे वळला. हाळी संपली. कुणी हललं नाही. मग श्वास घेतल्याचा आवाज आला आणि दोनदा टचकारा. सगळ्या माना एकदम खाली गेल्या. त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये तो हळू विचारतो, “झालं का तुमचं?”

बाई खाली बसली. “मिटवली व्हती त्यांनी,” एवढंच म्हणाली.

रेकॉर्डिंग तिच्या फोनवर घालून देतो म्हटलं, तर तिने नको म्हणून हात केला.

“रोज रोज त्यांला कशाला उठवू?”

तिने कळप गंगाखेडच्या बाजूला नेला. ऊस तुटून गेलेली रानं तिथे मोकळी होती आणि रस्ता लांब होता. इकडे स्टुडिओने पुढच्या खेळाची घोषणा केली. चाहते तिकडे वळले, रिंगटोनही बदलल्या.

महिन्याभराने गंगाखेडला दुसऱ्या कामासाठी गेलो, तेव्हा तिची गाठ घेतली. आम्ही बांधावर बसलो होतो. माझा फोन बंद होता, आसपास तिसरं माणूस नव्हतं. भर उन्हात कळपाने चरणं सोडलं आणि सगळी मेंढरं एका दिशेला तोंड करून उभी राहिली. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

बाईने बसल्या जागेवरून दोनदा टचकारलं. माना खाली गेल्या.

आता तुमचं ऐकतात, असं मी म्हणालो.

“ऐकायलेत. मिटवायचं काम मी करते. हाळी कोण द्यायलंय, ते इचारीत न्हाई.”

मग तिने उठून मेंढरं मोजली. एकही चुकलेलं नव्हतं.