डाव्या हाताचा खून

इतका बेइमान सिनेमा मी दुसरा पाहिला नाही. खून दाखवायचा आणि खुनी सांगायचा नाही, म्हणजे जेवायला बोलावून ताट पालथं घालण्यासारखंच. त्याच्यापायी माझं लग्न मोडत होतं.

पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. त्यातल्या एकात मी लागलो, आणि तेवढ्या भांडवलावर चाकणजवळच्या एका गावात मुलगी बघायला गेलो. मला वडीलधारं कुणी नव्हतं, म्हणून एकटाच. मुलीचे वडील गावचे पोलीस पाटील. मुलगी बघताक्षणी आवडली. पाटील म्हणाले, "आज चाकणच्या बाजारात तंबूत शिणिमा हाय. समदी जाऊ. बोलणी उद्या सकाळी."

तंबूत पडदा मधोमध. पुढे पुरुष, पडद्यामागे बायका. सुरुवात अशी झकास की कुणी विडीही पेटवेना. पहिल्या गाण्यात प्रेम जमलं आणि दुसऱ्या गाण्याआधी नायिकेच्या मामाचा खून! दिसला फक्त सुरा धरलेला हात. डावा. नेमकी तेव्हाच पाटलांची चुन्याची डबी पडली आणि ते ती शोधायला वाकले. पुढे मात्र सिनेमाचा दमच गेला. नायिका आजारी पडली, बरी झाली, पुन्हा पडली. नायक दर झाडापाशी थांबून गायला. पाटील घोरू लागले. शेवटी दोघं होडीत बसून निघून गेली आणि मामा तसाच मेलेला राहिला.

सकाळी पोहे आले, पण पाटलांना बोलणी सुचेनात. डोळ्यांदेखत खून आणि तपास अपुरा!

"पाव्हणं, सुरा कंच्या हातात व्हता?"

"डाव्या," मी म्हणालो.

स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या मुलीला त्यांनी तेच विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "उजव्या."

पडद्यामागून चित्र उलटं दिसतं, हे त्या घरात कुणाच्याच टाळक्यात आलं नाही, माझ्याही नाही. पाटलांनी बशी बाजूला सारली. "पहिल्याच दिशी साक्ष जुळना, तर संसार काय जुळायचा? ऱ्हाऊ द्या ही सोयरीक."

कुठल्या मेल्या मामापायी ही मुलगी घालवू? खरंखोटं गेलं चुलीत.

"पाटील, माझी चूक झाली," मी घाईघाईने म्हणालो. "हात उजवाच होता."

त्याच क्षणी दारातून ती म्हणाली, "आबा, माजीच चूक झाली. डावाच व्हता."

पुन्हा जुळेना! पाटलांनी कपाळाला हात लावला. "आरं, दोघंबी साक्ष फिरवत्यात!"

पाटलीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "अवो, एकमेकांपायी दोघं खोटं बोलली. आनखी काय जुळायचं ऱ्हायलंय?"

पाटील माझ्याकडे बघत राहिले, मग दाराकडे. माझे कान तापले होते.

"मामा मेला तर मेला," ते म्हणाले. "साखर आना."